धाकटे पाव्हणे

मामींनी पाय धुवायचं पाणी गॅसवर चढवलं, आणि सोप्यातल्या खुर्चीतून मामांनी जाहीर करून टाकलं, "आज एकाच जावयाचं पाय धुणार हाय मी. दोन जावयांम्होरं वाकायचं माझ्या कमरंला झेपायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

त्या घराला मुलगी एकच, तेजश्री. तिचा नवरा एकच, म्हणजे मी. अंगात अबोली रंगाचा सुती झब्बा आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज अशा अवतारात मी दारात उभा होतो. झब्बा रेशमी हवा असा तेजश्रीचा हट्ट होता, पण रेशीम अंगाला घासून ठिणगी उडू शकते आणि आमच्या कामात ठिणगीला मज्जाव, म्हणून सुतीवर तडजोड झाली होती.

"दोन जावई कुठनं आणलं तुम्ही?" मामींनी आतून विचारलं.

"एक ह्यो दारात हुबा हाय. आन् धाकटं पाव्हणं तिकडं पत्र्याखाली गार हवा खात बसल्यात."

मामा स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन मिशीतल्या मिशीत हसले. मीही हसलो. वर्षभर मी हेच करत होतो. सासऱ्याच्या विनोदावर हसायला पैसे पडत नाहीत, पण दात फार आवळावे लागतात.

मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव जगदाळे. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. कराडच्या अलीकडे हायवेला लागून त्यांचा पेट्रोल पंप होता आणि पंपाच्या मागच्या भिंतीपलीकडे घर. भिंतीत एक बुटका दरवाजा, त्यातून दिवसभर चहाची किटली इकडून तिकडे जायची. पंपावर पाटी मात्र मामींच्या वडिलांच्या नावाची होती, दौलतराव शिंगटे. पंप त्यांनी काढला आणि पुढे तो मामांकडे आला, एवढंच मला माहीत होतं.

आणि धाकटे पाव्हणे म्हणजे हायड्रोजन भरायचं यंत्र.

मी पुण्याच्या एका कंपनीत होतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची चाचणी आम्ही पुणे-कोल्हापूर रस्त्यावर घेत होतो. गाडी चांगली पळायची, धूर नाही, आवाज नाही, मागे नळीतून थेंब थेंब पाणी तेवढं गळायचं. अडचण एकच होती. गॅस संपला की तो भरायचा कुठे? वाटेत एक तरी केंद्र हवं होतं, आणि हायड्रोजन हे नाव काढलं की जागेचा मालक पहिलं वाक्य बॉम्बविषयी बोलायचा. चार ठिकाणी चहा पिऊन आणि नकार घेऊन झाल्यावर मी सासऱ्यांपुढे उभा राहिलो. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हवेचा कोपरा घ्या."

हवेचा कोपरा म्हणजे पंपाच्या अगदी टोकाला, भिंतीलगत, एक गंजका पत्रा होता. पूर्वी टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर तिथे असायचा. तो केव्हाच पुढे रस्त्याच्या बाजूला नेला होता, पण हा पत्रा कोणी उतरवला नव्हता. माणसं तिथे थुंकायलासुद्धा जात नसत. हे ऐकल्यावर मामींच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली होती. "त्यो कोपरा दिला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, जावयाला इतकी टाकाऊ जागा दिली म्हणून त्यांना वाईट वाटलं असणार. मलाही वाटलं होतं, पण गरजवंत माणूस जागेला नावं ठेवत नाही.

यंत्र आलं. त्याची बडदास्त पाहून पंपावरच्या माणसांचे डोळेच पांढरे झाले. लांबच्या रसायनांच्या कारखान्यातून ट्रकवर सिलिंडर यायचे, यंत्र त्यातला गॅस दाबायचं, बर्फापेक्षा कितीतरी खाली गार करायचं आणि मग गाडीत सोडायचं. गार का, तर दाबाने भरताना गाडीची टाकी तापू नये म्हणून. त्यामुळे गिऱ्हाईक असो वा नसो, यंत्राची थंडी चोवीस तास चालू. त्याला वेगळी वीज, वेगळा जनरेटर, वेगळा पहारेकरी. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर आमची चाचणीची एकुलती एक गाडी, ती आली तर आठवड्यातून एकदा.

"काम न्हाई, धंदा न्हाई," मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पर थाट बघा. आमास्नी साधा पंखा, ह्येस्नी एसी. दाराम्होरं माणूस. वर आन् हात लावू दीत न्हाईत. जावईच हाय की न्हाई?"

मग तेच नाव पडलं. हणमंत म्हणून पंपावरचा सगळ्यात जुना माणूस होता. तो चहा वाटताना यंत्रापुढे थांबून गंभीरपणे विचारायचा, "धाकट्या पाव्हण्यांस्नी अर्धा देऊ का फुल?" आणि मी शेजारी उभा असलो की माझा कप मलाच देऊन म्हणायचा, "थोरल्यांनी घेतला म्हंजे पोचला." रागवायचं कोणावर? तेजश्रीसुद्धा फोनवर मैत्रिणींना सांगायची की मला बहीण नाही, पण नवऱ्याला साडू आहे.

तर त्या वर्षी भर पावसाळ्यात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला अधिक. म्हणजे लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, सासू-सासऱ्यांनी जावयाचे पाय धुवायचे, टॉवेल-टोपी द्यायची. मामींनी भटजींना विचारून दिवस काढला. आणि आमच्या कंपनीने नेमका त्याच दिवशी समितीचा दौरा काढला. दोन गाड्या पुण्याहून निघणार, कराडला आमच्याकडे गॅस भरणार आणि दुपारच्या बैठकीला कोल्हापुरात पोचणार. दुसऱ्या गाडीत समितीचे अध्यक्ष उपाध्ये साहेब स्वतः बसणार होते. कराडचं केंद्र उपयोगाचं आहे असं त्यांनी म्हटलं तर केंद्र राहणार आणि गाड्या वाढणार. नाही म्हटलं तर यंत्र ट्रकवर चढणार, आणि त्याच्या मागोमाग मी गुजरातच्या कारखान्यात. त्या कोपऱ्यात भडंग आणि चहाचा गाडा लावायचं मामांनी मनात धरलं होतं. मनात म्हणजे काय, गाड्याला रंग कुठला द्यायचा हेही हणमंताशी बोलून झालं होतं.

"मामी, मी समिती गेली की लगेच येतो," मी म्हणालो.

"बाराच्या आत पाय धुवायचंत. भटजींनी सांगितलंय. पाणी निवायच्या आत या."

"पाण्याचं कशाला एवढं, परत तापवता येईल की."

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोललो. "पाणी एकदाच तापवायचं असतं," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या त्यास्नी," मामा उठत म्हणाले. "बघूया तरी धाकटं पाव्हणं काय उजेड पाडत्यात. कायतरी करून दावलेल्या जावयाचं पाय धुवावंत माणसानं."

हे वाक्य मात्र विनोदात बसत नव्हतं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बुटक्या दरवाजातून पंपावर गेलो.

बाहेर पाऊस म्हणावा तर पडत नव्हता आणि थांबला म्हणावा तर डोकं भिजत होतं. हवा नुसती ओलीकच्च. मामा खुर्ची घेऊन पत्र्यासमोर बसले. पहिली गाडी आली, तिच्यात समितीचे तीन सदस्य. मी नळी जोडली, यंत्र घूं करून बोललं, आणि हणमंताने पेट्रोलच्या सवयीने बोट दाखवून सांगितलं, "झिरो बघा, साहेब." पाच-सात मिनिटांत टाकी भरली, नळी सुटली, गाडी कोल्हापूरच्या दिशेने गेलीसुद्धा.

"गेली की," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

तिच्या पाठोपाठ दुसरी लागली. काटे म्हणून आमचा ड्रायव्हर होता, मागे उपाध्ये साहेब. उंच, कोरडे, हातात छत्री आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मी नळी जोडली. यंत्र परत बोललं. टाकी भरली. मी नळी काढायला गेलो.

नळी निघेना.

मी परत ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. नळीच्या तोंडावर आणि गाडीच्या तोंडावर मिळून पांढरा बर्फ धरला होता आणि दोघं एकमेकांना घट्ट धरून बसले होते. झालं होतं असं, की वर्षभर आमच्याकडे एका वेळी एकच गाडी यायची. मग नळीला उसंत मिळायची, गारठा ओसरायचा. आज लागोपाठ दोन आल्या. नळी गारच होती, बाहेर ओली हवा, बर्फ धरला. थोडक्यात, आमच्या केंद्रावर आयुष्यात पहिल्यांदा गर्दी झाली होती आणि ती दोन गाड्यांची गर्दी यंत्राला सोसली नव्हती.

"काय झालं, थोरात?" उपाध्ये साहेबांनी काच खाली केली.

"काही नाही साहेब. थोडा बर्फ धरलाय. एक मिनिट."

"बर्फ? कराडला?"

मामा खुर्चीतून पुढे वाकले. "काय म्हणत्यात धाकटं?"

"नळी अडकलीय, मामा."

"अडकली न्हाई," मामांनी नीट निरखून सांगितलं. "हात धरलाय त्येंनी गाडीचा. जाऊ नको म्हणत्यात. वर्सभरात पयलीच वळख झालीय, सोडवंना झालंय."

पंपावरची माणसं तोंड फिरवून हसली. काटे खाली उतरला. "साहेब, गाडी जरा मागं घेऊ का? झटक्यात सुटंल."

"नळी जोडलेली असताना गाडी चालूच होत नाही. तसं केलंच आहे ते."

"मग आपण ढकलू."

"ढकलायचं नाही."

हणमंत पाना घेऊन आला. "एकच ठोका घालतो, हळूच."

"पाना ठेव खाली."

"हलवा की गाडी जरा," मामा म्हणाले. "चार माणसं लावा. माणसं पेट्रोल मावावं म्हनून स्कूटर हलवत्यात तशी. हललं की सुटतंय."

मी गाडी हलवू दिली नाही. आमच्या नियमांत स्पष्ट सांगितलं होतं, ओढू नका, ठोकू नका, बर्फ वितळेपर्यंत थांबा. ज्यांनी हे नियम केले त्यांच्याकडे हवा कोरडी असणार. इथे एका बाजूने बर्फ वितळत होता आणि दुसऱ्या बाजूने भुरभुर पावसातून नवा धरत होता. मी हाताने घासून पाहिलं, बोटं बधिर झाली. फुंकर घातली. कंपनीचा माणूस म्हणून मी वर्षभर त्या यंत्रावर जे जे भाषण दिलं होतं ते सगळं आठवलं, आणि आता मी त्याच्यापुढे उकिडवा बसून फुंकर मारत होतो.

उपाध्ये साहेबांनी कोल्हापूरला फोन लावला. "पहिली गाडी येईल. आम्ही कराडला अडकलो आहोत. हो, केंद्रावरच. नाही, रस्ता मोकळा आहे." मग त्यांनी फोन ठेवला आणि घड्याळ पाहिलं. त्या 'केंद्रावरच'मध्ये माझं गुजरात मला स्वच्छ दिसलं. मला तिथे जायचं नव्हतं. मला त्या माणसासमोर, जो आत्ता खुर्चीत बसून भडंगच्या गाड्याची जागा नजरेने मोजत होता, एकदा तरी काहीतरी करून दाखवायचं होतं.

तेवढ्यात बुटका दरवाजा उघडला आणि मामी बाहेर आल्या. हातात वाफाळणारी पितळी तपेली, पदराने धरलेली. मागे तेजश्री, तिच्याकडे तांब्याची परात, पाट, आणि ताटात हळदकुंकू, टॉवेल-टोपी.

"पाणी निवाय लागलं," मामी म्हणाल्या. "म्हटलं, जावई येत न्हाईत तर आपण जावं. पाय कुठंबी धुतलं तरी चालत्यात. निरांजन घरातच ठेवलंय, पंपावर जाळ आणायचा न्हाई हे मला सांगाय नको, हितंच वाढले मी."

"मामी, आत्ता नको. इथे..." मी बोलता बोलता थांबलो. तपेलीकडे पाहिलं. मग टॉवेलकडे पाहिलं. चांगला जाड, लवदार टॉवेल होता. गरम ओलं फडकं गुंडाळू नका असं आमच्या नियमांत कुठेही म्हटलेलं नव्हतं.

"मामी, ते पाणी द्या मला."

"घ्या की. बूट काढा."

"मला नको. ह्या नळीवर ओतायचंय."

मामींनी तपेली मागे घेतली. "न्हाई."

"मामी, बर्फ वितळेल. गाडी सुटेल."

"ते पाय धुवायचं पाणी हाय. ज्याच्या पायासाठनं तापवलं त्याच्याच पायावर वतायचं. असं कुठंबी वतायचं आसतं व्हय?"

उपाध्ये साहेब आता छत्री उघडून गाडीबाहेर आले होते आणि एकदा माझ्याकडे, एकदा तपेलीकडे बघत होते. सासूशी पाण्यावरून हुज्जत घालायची का समितीच्या अध्यक्षासमोर? घरी जाऊन दुसरं पाणी तापवावं तर तेवढ्यात बैठक संपेल.

तेव्हा तेजश्री बोलली. परात कडेवर धरून, अगदी सहज. "आई, आबा वर्षभर सगळ्या गावाला सांगतात ना, की हे यंत्र म्हणजे आमचे धाकटे जावई? मग पाणी जावयाचंच झालं की."

मामींनी सावकाश मामांकडे तोंड वळवलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याच तोंडचं हाय ते. आज सकाळी बी म्हणालासा, एकाच जावयाचं धुणार. बसा पाटावर."

"कोण, मी?" मामा म्हणाले.

"मग कोण, हणमंत? सासरं तुमी हायसा ना धाकट्या पाव्हण्यांचं?"

"आगं, चेष्टंनं म्हणतो मी."

"वर्सभर?"

मामांनी मदतीसाठी हणमंताकडे पाहिलं. हणमंत फार भक्तिभावाने पाट पुसत होता. शेवटी पंपाचे मालक रंगराव जगदाळे, ज्यांना तेल कंपनीच्या डेपोचे साहेबसुद्धा दबून असत, धोतराचा सोगा सावरत नळीपुढे पाटावर बसले. तेजश्रीने परात खाली सरकवली. मी टॉवेल नळीच्या तोंडाभोवती गुंडाळला.

"पाय कुठला ह्येचा?" मामांनी गुरगुरत विचारलं.

"हाच. ओता."

"एकच?"

"एकच आहे, मामा. ओता लवकर."

मामांनी पाणी ओतलं. मामी शेजारी बसून त्यांच्या हाताला हात लावत होत्या, विधीत लावतात तसा. टॉवेलमधून वाफ निघाली. मामींनी उठून यंत्राच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, म्हणजे जिथे झिरो दिसायचा त्याच्या जरा वर, आणि टोपी घातली. टोपी बरोबर बसली.

"थोरात," उपाध्ये साहेब छत्रीतून म्हणाले, "ही तुमची ठरलेली कार्यपद्धती आहे?"

"हो, साहेब," मी टॉवेल घट्ट धरून म्हणालो. "स्थानिक हवामानानुसार."

"आणि टोपी?"

"टोपी ऐच्छिक आहे."

मामांनी उरलेलं पाणी हळूहळू, धार न तोडता ओतलं. टॉवेलखाली टक् असा बारीक आवाज आला. मी नळी फिरवली. ती अशी सुटून हातात आली की मी मागे हणमंतावर पडलो.

मग सगळीच धांदल झाली. काटे गाडीत बसला. मामींनी धोंड्यांचा डबा उपाध्ये साहेबांच्या हातात कोंबला; त्यांनी तो नको म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तूप घालून खा असंही सांगितलं. काच वर करताना साहेब म्हणाले, "दोन गाड्या लागोपाठ आल्या की हे होणार. पुढल्या महिन्यापासून गाड्या वाढवू म्हणतोय आम्ही. पाण्याची सोय ठेवत चला." चेहऱ्यावर अजूनही काहीच नव्हतं, पण डब्याचं झाकण त्यांनी तेवढ्यात उघडून पाहिलेलं मला दिसलं.

"आता चालू करा की गाडी," मामा पाटावरूनच ओरडले.

"गेली ती, मामा."

मामांनी वळून पाहिलं. गाडी हायवेवर लागली होती आणि मागे ओल्या रस्त्यावर तिचं पाणी गळत होतं. "आवाज न्हाई, काय न्हाई," ते पुटपुटले. मामी रिकामी तपेली घेऊन बुटक्या दरवाजातून आत गेल्या. माणसं आपापल्या कामाला लागली. मी ओला टॉवेल पिळत उभा राहिलो. सुटलो, एवढंच मनात होतं.

मामा मात्र उठले नाहीत.

"पाव्हणं," ते म्हणाले. "बूट काढा."

"अहो मामा, पाणी संपलं. राहू द्या."

"काढा म्हणतो न्हवं. हणमंत, क्यान आण."

हणमंताने रेडिएटरमध्ये पाणी घालायचा प्लॅस्टिकचा कॅन आणला. मी सेफ्टी शूज काढले, मोजे काढले आणि परातीत उभा राहिलो. पाणी चांगलंच गार होतं. मामा खाली बघून ओतत होते, आणि खाली बघूनच बोलायला लागले.

"हितंच कॉम्प्रेसर हुता. ह्या पत्र्याखाली. लगीन झालं तसं मी हितं हवा भराय लागलो. घरजावई म्हंजे काय, पंपावरचा गडी. सासरं चांगलं हुतं तसं, पोटाला कमी पडू दिलं न्हाई. पर कोण पाव्हणा आला की ह्यो कोण म्हनून इचारायचा, आन् सासरं सांगायचं, हवा भरतोय."

पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं.

"आमचा पयला धोंडा आला. नवी धोतरजोडी नेसून हितं बसलो. आत पाणी तापवलं हुतं. बोलावतील म्हनून वाट बघतोय. सासऱ्यांनी निरोप धाडला, ट्रक लई लागल्यात, तेवढी हवा भरून घ्या. भरली. मग आणखीन लागलं. मग कोण काय बोललंच न्हाई." त्यांनी कॅन दुसऱ्या हातात घेतला. "ह्यो कोपरा कुणालाच दिला न्हवता मी. पत्रा बी काढू दिला न्हाई. म्हटलं, हितं जावयाचं कायतरी व्हावं एकदा. तर तुमी त्ये यंत्र आणून बसिवलं, आन् त्ये बी वर्सभर नुस्तंच हुबं. मला माझंच तोंड दिसायचं त्यात."

वर्षभराचे सगळे विनोद माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यातला एकही आठवताना मला आता दात आवळावे लागले नाहीत. मला त्या माणसाची इतकी माया आली की गार पाण्यातून पाय काढायचं मी विसरलो.

"पाय काढा आता," मामा म्हणाले. "सर्दी हुईल."

तोच बुटका दरवाजा परत उघडला. मामींच्या हातात दुसरी तपेली होती, तशीच वाफाळणारी.

"आणखीन पाणी?" मामा म्हणाले. "झालं की माझं धुवून."

"मी सकाळीच दोन तपेल्या चढवल्या हुत्या, ही बारीक आचंवर ठेवलेली," मामी म्हणाल्या. "तुमीच म्हणालासा न्हवं का, ह्या घरात जावई दोन हायत म्हनून. बरोबरच हाय. एक ह्यो, आन् एक तुमी." त्यांनी तपेली माझ्या हातात दिली. "तवा बी पाणी मीच तापवलं हुतं. आत बसून बघत हुते, निवताना."

मामांनी हातातला कॅन खाली ठेवला. मग इकडेतिकडे पाहिलं. "येडी हायस काय. सासऱ्याचं पाय जावई धुतो व्हय कुठं?"

"मामा," मी म्हणालो, "आत्ता इथे यंत्राचे धुतले."

तेजश्रीने दुसरा पाट मांडला आणि आपल्या वडिलांना दंडाला धरून त्यावर बसवलं. मामांनी वहाणा काढल्या. पाय परातीत ठेवले. रुंद, भेगाळलेले पाय होते. मामींनी माझ्या हाताला हात लावला आणि मी पाणी ओतायला सुरुवात केली. मामा मान वर करून त्या गंजक्या पत्र्याकडे बघत राहिले.

पुढच्या बाजूने हणमंताची हाक आली. "मालक, ट्रक आलाय. हवा मागतोय."

मामांनी पाय हलवले नाहीत.

"थांबाय सांग त्येला," ते म्हणाले. "पाणी निवतंय."